गोव्यातली थंडीची परसबाग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिचोलीला आमच्या घरामागे दीडेक गुंठा परस आहे, तांबडी माती, एक विहीर, कडेला चार माड. सासूबाईंनी तिथे आयुष्यभर भाजी लावली, आता मी लावते. दसरा झाला की ओळखीतले लोक तेच तेच प्रश्न विचारायला लागतात म्हणून सगळे एकत्र लिहून काढलेत. आमच्या परसात जे झालं आणि जे नाही झालं त्यावरून लिहिलंय.

गोव्यात थंडी पडते कुठे? मग थंडीच्या भाज्या येणार कशा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बरोबरच आहे. पणजीत जानेवारीतसुद्धा दुपारी ३१-३२ अंश असतं, रात्री २० च्या आसपास. वाळपई, सांगे, काणकोणच्या आतल्या भागात रात्रीचा पारा अजून खाली जातो पण पाण्याचा बर्फ वगैरे आपल्याकडे कधीच होत नाही. खऱ्या थंड मुलखात केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी), गाजर, कोबी यांची चव बर्फ पडल्यावर सुधारते, कारण रोप स्वतःला गोठण्यापासून वाचवायला पिठाची साखर करून ठेवतं. ती गोडी आपल्याला मिळणार नाही हे आधीच मान्य करून टाकायचं. पण आपल्याकडे दुसरं मिळतं. हिवाळा इथे रात्रीचा असतो, दिवस जवळजवळ उन्हाळ्यासारखाच पण रात्री गार, हवा कोरडी, आकाश मोकळं, पहाटे पानांवर दंव. पावसाळ्यात जी बुरशी आणि कुज सगळं खाऊन टाकते ती कमी होते. अशा हवेत ज्या जाती लवकर तयार होतात आणि गरमी सोसतात त्या निवडल्या तर कोबी, नवलकोल, मुळा, बीट, पालक, मेथी सगळं येतं. हिमाचलातल्या व्हिडिओत बघितलेली जात आणलीत तर येत नाही. माझ्या मते इथल्या निम्म्या निराशेचं कारण हे एवढंच आहे, चुकीचं बी.

सुरुवात कधी करायची? दसऱ्याला की दिवाळीला?

दोन्ही. रोपं दसऱ्याला, लावणी दिवाळीनंतर. कोबी, फ्लॉवर, वांगी, मिरची, झेंडू यांचं बी दसऱ्याच्या सुमाराला ट्रेमध्ये किंवा जुन्या परातीत घालायचं आणि पडवीत ठेवायचं, कारण परतीचा पाऊस दुपारी गडगडाट करून येतो आणि उघड्यावरचं बी एका सरीत वाहून जातं. रोपं २५-३० दिवसांची झाली की, म्हणजे नरकासुर जाळून झाला, तुळशीचं लग्न तोंडावर आलं की वाफ्यात लावायची. मुळा, मेथी, पालक, तांबडी भाजी (म्हणजे लाल माठ) यांचं बी थेट वाफ्यात, पाऊस थांबला याची खात्री झाल्यावर. आणि सगळं एकदम पेरू नका. दर १०-१२ दिवसांनी थोडं थोडं पेरा, नाहीतर एकाच आठवड्यात वीस जुड्या मेथी होते आणि नंतर महिनाभर काही नाही. कोबी-फ्लॉवरची लावणी मात्र नोव्हेंबर संपेपर्यंत उरकाच, कारण फेब्रुवारीच्या शेवटी उकाडा सुरू होतो आणि तोपर्यंत गड्डा हातात यायला हवा.

आमची माती तांबडी, जांभ्याची. काही घालायला हवं का?

हो, चुना. आपल्याकडे चार महिन्यांत साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तो मातीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेतो आणि माती आंबट होते. आंबट मातीत खत घातलं तरी रोपाला स्फुरद (फॉस्फरस) नीट मिळत नाही. शेतीचा चुना किंवा डोलोमाइट मिळतं, एका चौरस मीटरला २०० ते ३०० ग्रॅम पुरतं, पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी मातीत मिसळायचं. रंगवायचा कळीचा चुना घालू नका, तो फार तीव्र. आणि चुना व ताजं शेण किंवा युरिया एकत्र घालू नका, नत्र (नायट्रोजन) वायू होऊन उडून जातो, वास येतो तो त्याचाच. चूल पेटत असेल तर तिची राखसुद्धा चालते, थोडी थोडी. पण आधी माती तपासून घेतलेली सगळ्यात बरी, आपल्या तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात चौकशी करा. खाजनाजवळची, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेताजवळची, जमीन असेल तर गोष्ट वेगळी, तिथे मिठाचा प्रश्न असतो, त्याबद्दल खाली पाण्याच्या प्रश्नात लिहिलंय.

फ्लॉवरला नुसती पानंच येतात, गड्डा धरतच नाही. का?

फ्लॉवर हे फार नखरेबाज पीक आहे आणि त्याचं सगळं गणित तापमानावर चालतं. त्याच्या जातींचे गट आहेत. लवकरच्या गटाला गड्डा धरायला २० ते २७ अंश लागतात, मधल्यांना त्याहून कमी, आणि उशिराच्या म्हणजे स्नोबॉल गटाला १० ते १६. आता गोव्यात स्नोबॉल लावला तर तो थंडीची वाट बघत पानं काढत बसतो, मार्चपर्यंत बसतो, आणि मग आपण म्हणतो खत कमी पडलं. खत कमी पडलेलं नसतं, त्याला थंडीचा निरोपच मिळालेला नसतो. मी दोन वर्षं हेच केलं, दुकानातलं पाकीट सुंदर पांढऱ्या गड्ड्याचं होतं म्हणून घेतलं, पाठीमागे बारीक अक्षरात गट लिहिलेला वाचलाच नाही. तेव्हा पुसा मेघना, पुसा दीपाली अशा लवकरच्या जाती किंवा गरमी सोसणारे संकरित बी मागा, दुकानदाराला 'अर्ली' म्हटलं की कळतं.

गड्डा धरला पण बटणाएवढाच राहिला तर बहुतेक रोप लावतानाच जून झालेलं असतं किंवा उपाशी राहिलेलं असतं. पाच आठवड्यांवरची रोपं लावू नका. पानं अरुंद होऊन चाबकाच्या वादीसारखी वळली तर ती मॉलिब्डेनमची कमतरता, आंबट मातीत हमखास होते, चुना घातला की बहुतेक वेळा जाते. देठ आतून पोकळ आणि गड्ड्यावर तपकिरी डाग, तर बोरॉन कमी. पण बोरॅक्स घरच्या घरी चमच्याने टाकायला जाऊ नका, थोडं जास्त झालं तर तेच विष होतं, विचारून घाला. गड्डा मुठीएवढा झाला की त्याच्याच बाहेरच्या पानांनी झाकून सुतळीने सैल बांधा, आपलं ऊन कडक, उघडा गड्डा पिवळा पडतो.

मग नवख्याने काय लावावं?

कोबी लावा, गोल्डन एकरसारखी लवकरची जात लावणीपासून ६०-६५ दिवसांत देते. त्याहून सोपा नवलकोल, ५०-६० दिवस, टेनिसच्या चेंडूएवढा झाला की काढायचा, ठेवलात तर आत लाकूड होतं. त्याची पानं टाकू नका, कोवळ्या पानांची भाजी होते. बीट येतं, छान येतं.

गाजराचं म्हणाल तर पुसा केसरसारखं लाल देशी गाजर लावा, नारिंगी नँटिस जातीला रंग आणि आकार यायला १५-२० अंश लागतात. जांभा दगडाचे खडे असलेल्या मातीत गाजर दोन पायांचं होतं, म्हणून एक वीतभर माती चाळून घ्यावी लागते किंवा खोल बादलीत लावायचं. मटार नका लावू. फूल येतं आणि दुपारच्या उन्हात गळतं, मूठभर शेंगांसाठी वाफा अडतो. त्या जागी अळसांदे, म्हणजे आपली गावठी चवळी, टाका, भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवरसुद्धा येतात ते.

पालेभाज्यांत पहिलं काय पेरायचं?

तांबडी भाजी. दुसरा विचारच नको. बी बारीक, काळं, चकचकीत, चिमटीत धरलं तरी शे-दोनशे दाणे असतात आणि तसंच फेकलं तर एकाच जागी पडतं. सासूबाई काय करायच्या, एका परातीत चमचाभर बी, त्यात चार-पाच वाट्या सुकी रेती, हाताने कालवायचं आणि मग वाफ्याच्या एका टोकाला उभं राहून हात सैल सोडून पेरत जायचं, आधी उभं मग आडवं. वर माती टाकायची नाही, फक्त हाताच्या पंज्याने थापटायचं. पाणी झारीनेच, बारीक. चौथ्या-पाचव्या दिवशी वाफा तांबूस दिसायला लागतो, लांबून बघितलं तर कुणी कुंकू भुरभुरवलंय असं वाटतं. मुंग्या बी पळवतात, म्हणून कडेने राखेची रेघ. पंधरा दिवसांनी दाट जागची रोपं उपटायची, ती पहिली कोवळी भाजी, कांदा, हिरवी मिरची, वर खोबरं, दुसरं काही नको. बाकीची २५-३० दिवसांत तयार. एवढ्या लवकर आणि एवढ्या खात्रीने दुसरं काहीच येत नाही आणि पहिल्यांदा बाग करणाऱ्याला हे यश लागतं, त्यावर मग पुढचं सगळं होतं.

मुळा पुसा चेतकी घ्या, तो गरमीतही होतो, ४०-४५ दिवसांत काढा नाहीतर पोकळ होतो. मेथी महिनाभरात. पालक एकदा पेरला की कापत राहायचं, मुळासकट उपटू नका.

कोथिंबीर उगवतच नाही, किती वेळा पेरली.

अख्खे धणे पेरत असाल. एका धण्यात दोन बिया असतात, लाटण्याने हलकेच दाबून फोडा, पीठ करायचं नाही फक्त दोन डाळ्या, मग रात्रभर भिजत ठेवा, फडक्यात गुंडाळून निथळा आणि पेरा. ८ ते १२ दिवस लागतात, लोक सहाव्या दिवशी कंटाळून माती उकरतात. दुपारी सावली येईल अशी जागा द्या. स्वयंपाकघरातले धणे चालतात पण जुने असतील तर नाही.

वांग्याची झाडं हिरवीगार असताना एकदम मान टाकतात. पाणी घालूनही उपयोग नाही.

मर रोग आहे हा, जिवाणूंमुळे होणारा, आणि आपल्या दमट हवेत, आंबट मातीत तो फार. वांगी, टोमॅटो, मिरची तिघांनाही होतो. पाण्याच्या कमतरतेने सुकलं तर आधी खालची पानं पिवळी पडतात, इथे मात्र पान हिरवंच असतं. पहिल्या दिवशी दुपारी झाड लवतं, संध्याकाळी परत उभं राहतं, आपल्याला वाटतं ऊन लागलं असेल. दुसऱ्या दिवशी अर्धंच उठतं. तिसऱ्या दिवशी उठत नाही.

खात्री करायची असेल तर एक करा. झाड उपटून मुळाच्या वरचा बोटभर देठ धारदार सुरीने कापा, काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्या आणि तो तुकडा वरून धरून कापलेलं टोक पाण्यात बुडवा, हलवू नका. दोन-चार मिनिटांत टोकातून दुधासारखे पांढरे धागे निघून खाली उतरायला लागले की तोच रोग. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा खिडकीतल्या उजेडात तो धागा बघत बसले होते, आणि मागे वाफ्यात अजून अकरा झाडं उभी होती, फळं धरलेली. त्यातली नऊ गेली.

औषध नाही यावर. झाड मातीसकट काढून लांब टाकायचं, कंपोस्टमध्ये नाही. त्या वाफ्यात पुढची दोन-तीन वर्षं वांगी-टोमॅटो-मिरची-बटाटा काहीच लावायचं नाही, मुळा, कोबी, पालेभाजी लावा. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वाहत जाऊ देऊ नका, रोग पाण्यातून पसरतो. चुना घालून मातीचा आंबटपणा कमी केला की थोडा आळा बसतो. रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपं मिळाली तर जरूर घ्या, महाग असतात पण टिकतात. आपल्या गावच्या जुन्या जाती, आगशीची वांगी, खोल्याची मिरची, यांचं बी कुणाकडे असेल तर मागून घ्या, त्या इथल्याच मातीत वाढलेल्या आहेत.

कोबीच्या पानांना भोकं, मावा, अळ्या. फवारणी कसली करू?

आधी सकाळी चहा घेऊन वाफ्याजवळ जा आणि पानं उलटी करून बघा. दीडेक गुंठ्याच्या बागेत हाताने वेचून निम्मं काम होतं. कोबी लावायच्या पंधरा दिवस आधी कडेला मोहरीची एक ओळ पेरा, आणि लावणीनंतर तीन-साडेतीन आठवड्यांनी अजून एक. चौकोनी ठिपक्यांचा जो पतंग असतो तो अंडी घालायला मोहरीवर जातो, मोठ्या शेतातही हे करतात. तरी वाढलंच तर लिंबोळी अर्क, ५० ग्रॅम बियांची पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळायची, थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी पानाच्या खालून मारायची. माव्याला नुसत्या पाण्याचा जोरात फवारासुद्धा पुरतो बऱ्याचदा. घरच्या भाजीवर कडक औषध मारणं मला पटत नाही, आपण हे खाण्यासाठीच लावतो ना.

पाणी किती आणि कधी?

सकाळी, मुळाशी. जांभ्याच्या मातीत पाणी झरकन खाली जातं म्हणून एकदम भरपूर देण्यापेक्षा रोज थोडं. वाफ्यावर भाताचा पेंढा, सुकी पानं किंवा माडाच्या सोडणांचा भुगा दोन-तीन बोटं पसरा, पाणी बरंच वाचतं. म्हणून विनंती आहे, आंगण झाडून पानं जाळू नका. मासे धुतलेलं पाणी आम्ही कढीपत्त्याला आणि गुलाबाला घालतो, भाजीच्या मुळाशीही चालतं, पण पालेभाजीवर शिंपडायचं नाही.

चोडण, दिवाडी किंवा खाजनाच्या काठाला ज्यांच्या विहिरी आहेत त्यांना जानेवारी-फेब्रुवारीनंतर पाणी मचूळ लागायला लागतं. अशा पाण्यावर बीट आणि पालक तग धरतात, गाजर आणि शेंगभाज्या अजिबात नाही. पानांच्या कडा करपल्यासारख्या झाल्या तर पाणी चाखून बघा.

शेवंतीला यंदा कळ्याच नाहीत. खत बदलू का?

खत नका बदलू, आधी रात्री दिवा कुठे लागतो ते बघा. शेवंती दिवस लहान झाल्यावर कळी धरते, म्हणजे खरं तर तिला रात्र लांब लागते, आणि ती रात्र सलग काळोखी हवी. डिसेंबरात आपल्याकडे दिवस सव्वाअकरा तासांच्या आसपास येतो, तेवढं तिला पुरेसं आहे. पण मध्येच बल्बचा उजेड पडला की तिला दिवस मोठाच वाटत राहतो.

आमच्याकडे एकाच रोपाच्या दोन कुंड्या केल्या होत्या, एक विहिरीकडे, दुसरी पुढच्या दाराशी सोप्यावर, जिथे दिवा रात्रभर असतो. तुळशीच्या लग्नाला विहिरीकडची पिवळी फुलं सासूबाईंनी वृंदावनाला वाहिली आणि दाराकडची नुसती हिरवी, गुडघ्याएवढी वाढलेली, एक कळी नाही. त्या म्हणाल्या हिला झोप मिळत नाही, मागे ने. मागे नेली, महिन्याभरात वाटाण्याएवढ्या कळ्या दिसल्या. रस्त्याच्या दिव्याखाली कुंडी असेल आणि हलवता येत नसेल तर संध्याकाळी सातला काळं कापड घालून सकाळी सातला काढा, रोज, न चुकता.

दसऱ्याच्या हारातल्या झेंडूच्या बिया चालतात?

चालतात, उगवतात भराभर. फक्त बाजारातली मोठी रोजां (झेंडूची फुलं) बहुतेक संकरित असतात, त्यांच्या बियांपासून कधी मोठं फूल येतं कधी एकेरी पाकळीचं. घरच्या देवासाठी काही बिघडत नाही. हार ओलाच फेकू नका, सावलीत खडखडीत वाळवा, काळी शेपटी आणि पांढरा तुरा असलेलं बी वेगळं करा. लावल्यावर महिन्याने शेंडा खुडा, जीवावर येतं पण खुडा, त्याने फांद्या फुटतात. पेरल्यापासून साधारण दोन महिन्यांत फुलं. वांग्याच्या वाफ्याच्या कडेला लावला तर मुळांवरच्या सूत्रकृमींना थोडा आळा बसतो.

पॅन्झी, पेटुनिया, स्वीट पी यातलं काय जमतं?

पेटुनिया जमतं. बी धुळीसारखं असतं, वर माती टाकायची नाही, त्याला उगवायला उजेड लागतो. झिनिया, कॉसमॉस, कॅलेंडुला, सॅल्व्हिया, डायँथस निर्धास्त लावा, नाताळात पुढचं अंगण भरून जातं. पॅन्झी तयार रोप आणून कुंडीत, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी ठेवली तर जानेवारीपर्यंत, पुढे लोंबते. स्वीट पी मी सोडून दिलंय.

फ्लॅटमध्ये राहतो, नुसती बाल्कनी आहे.

बाल्कनी दक्षिणेला असेल तर तुमचं नशीब चांगलं. थंडीत सूर्य दक्षिणेकडून जातो त्यामुळे पावसाळ्यात जिथे ऊन नसतं तिथे आता पाच-सहा तास मिळतं. उत्तरेची असेल तर पुदिना लावून बघा, फळभाजी नको. मासे येतात ती थर्माकोलची खोकी चांगली धुऊन, तळाला भोकं पाडून वापरा, मेथी, तांबडी भाजी, मुळा त्यात सुरेख होतं. कोबीला मात्र एका रोपाला बारा इंची कुंडी हवी.

माकडं, मोर, गोगलगायी यांचं काय करायचं?

गोगलगायी पावसाच्या शेवटी जास्त, रात्री टॉर्च घेऊन वेचा, हातमोजे घालून. मोरांसाठी रोपं मोठी होईपर्यंत मासेमारीचं जुनं जाळं वर ताणून बांधा. पण ते जमिनीवर लोळू देऊ नका आणि रोज सकाळी बघा, धामण अडकते त्यात आणि सुटायला धडपडून जखमी होते. उंदीर खाणारी ती, तिच्यामुळेच आपली मुळं वाचतात. माकडांवर माझ्याकडे खात्रीचा उपाय नाही, कळप आला की माणूस उभं राहावं लागतं.

बी घरी धरता येतं का?

काही गोष्टींचं येतं. तांबडी भाजी, मुळा, कोथिंबीर, अळसांदे, वांगी यांची दोन-तीन चांगली झाडं काढायचीच नाहीत, दोरा बांधून ठेवा म्हणजे घरातलं कुणी उपटणार नाही. कोबी-फ्लॉवरचं बी इथे धरायच्या भानगडीत पडू नका, बहुतेक जातींना फुलायला आधी बरेच आठवडे खरी थंडी लागते. शिगमो (शिमगा) येईपर्यंत तांबड्या भाजीचे तुरे वाळतात, ते सुपात चोळायचे, पाखडायचे, दोन दिवस सावलीत आणि मग काचेच्या बाटलीत, तळाला चमचाभर कोरडी राख, वर घट्ट झाकण. चिठ्ठीवर नाव आणि वर्ष लिहून आत टाका. आमच्या फडताळात सासूबाईंच्या अक्षरातली एक बाटली अजून आहे, दर वर्षी तिच्यातलं बी पेरते आणि दर वर्षी नवीन त्याच बाटलीत भरते, चिठ्ठी मात्र तीच ठेवली आहे.